दोन आवृत्त्या हुबेहूब सारख्या, तरी ईमॅक्स फरक दाखवतो

प्रश्न
एका प्रोग्रामची माहितीपुस्तिका मी मराठीत आणते आहे. साधी टेक्स्ट फाइल, गिटमध्ये (आवृत्त्या जपून ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवलेली, एक परिच्छेद म्हणजे एक लांबलचक ओळ. सहकाऱ्यानं तपासताना काय काय बदललं ते मला ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधूनच बघायचं आहे. कंट्रोल-एक्स, व्ही, = दाबलं की फक्त शेवटच्या कमिटशी (गिटमध्ये नोंदवलेल्या आवृत्तीशी) तुलना होते; मला तीन आठवड्यांपूर्वीची आवृत्ती हवी आहे. शिवाय एक काना बदलला तरी अख्खा परिच्छेद लाल-हिरवा होतो. दीडशे शब्दांत तो काना शोधायचा कसा?

उत्तर १
आधी कंट्रोल-यू, मग तेच. जुनी आवृत्ती कोणती, नवी कोणती ते विचारेल. नवीची जागा रिकामी सोडलीत तर आत्ताची फाइल धरेल. कमिटचा क्रमांक कंट्रोल-एक्स, व्ही, एल या यादीतून घ्या.

पण तुमच्या कामाला एडिफच हवं, ईमॅक्समधलं तुलनेचं साधन. मेटा-एक्स (मेटा म्हणजे बहुधा ऑल्ट) देऊन एडिफ-रिव्हिजन चालवा. एन नं पुढचा फरक, पी नं मागचा, आणि परिच्छेदातला बदललेला तेवढाच शब्द गडद रंगात. खिडक्या वर-खाली उघडल्या तर उभी रेघ | दाबा, शेजारी-शेजारी येतील. मी लांब मजकूर दुसऱ्या कशानं तपासतच नाही.

प्रश्नकर्ती
एडिफ फार आवडलं! पण ४१ फरक निघाले आणि त्यांतले बरेचसे ‘दुसऱ्या’, ‘कोपऱ्यात’, ‘वापरणाऱ्याला’ असे. दोन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच दिसतं. फाइल बिघडली का?

उत्तर २
फाइल ठीक आहे, ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप झाला आहे. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ (युनिकोड क्रमांक यू+०९३१), हलन्त आणि य. दुसऱ्यावर साधा र, हलन्त, न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (यू+२००डी) आणि य. डोळ्यांना एकच, गिटला वेगळे. त्या अक्षरावर कर्सर ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स, = दाबा, आतली चिन्हं दिसतील. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराच्या वेगळ्या रूपांना एक रूप देणं) इथे कामाला येत नाही, ते जॉइनर काढत नाही. मेटा-% नं एक रूप दुसऱ्यात बदला. जॉइनर टाइप करायला कंट्रोल-एक्स, ८, एंटर, मग २००डी. सरसकट सगळे जॉइनर मात्र उडवू नका, फक्त र, हलन्त आणि जॉइनर हा अख्खा गट बदला. आणि हे कमिट वेगळं ठेवा, त्यात दुसरी एकही दुरुस्ती नको.

प्रश्नकर्ती
जुन्या आवृत्तीत सगळीकडे नुक्त्याचाच ऱ होता, म्हणून नवीतले बदलले. आता १४ फरक उरलेत. त्यांतल्या नवव्यात ‘फाइल लपवा’चं ‘फाइल हटवा’ झालं होतं. काल हेच पान मी दोनदा वाचलं होतं. ते परत ‘लपवा’ केलं आणि सहकाऱ्याला दोन्ही कमिटचे क्रमांक पाठवले.