भंगारातलं शिल्प टिकतं का?

‘भंगारातली शिल्पं गॅलरीत फार दिवस टिकत नाहीत’ हे मला अजिबात पटलं नाही. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून केलेलं बैलाचं डोकं आजही पॅरिसच्या संग्रहालयात आहे!

खरी मेहनत जोडणीच्या आधी असते. तारेच्या ब्रशने सुटा गंज खरवडायचा, मग मेण किंवा लॅकरचा हात द्यायचा. लोखंडाला ॲल्युमिनियम थेट भिडवू नका. दमट हवेत सांध्यावर पांढरी भुकटी धरते, म्हणजे ॲल्युमिनियम पोखरलं जातंय. मध्ये रबरी वायसर घाला. आणि कृपा करून, जस्ताचा मुलामा घासून काढल्याशिवाय पत्र्याला वेल्डिंग करू नका. त्या धुराने थंडी वाजून ताप येतो.