सेक्सू, तगुल्ला, यन्नायर : मराठीत काय लिहावे?

प्रश्न : मोरोक्को-अल्जीरियातल्या अमाझिग लोकांच्या नववर्षावरचा मजकूर मराठीत आणते आहे. सेक्सूला (म्हणजे कुसकुसला) 'दलिया' म्हणावे का? 'तगुल्ला' म्हणजे लापशी का? यन्नायर (हे नववर्ष) १४ जानेवारीला येतो, तर 'अमाझिग संक्रांत' चालेल?

उत्तर : दलिया नको. दलिया भरडून फोडलेला असतो, सेक्सू वळलेला. रुंद परातीत जाडा रवा पसरून त्यावर मिठाच्या पाण्याचा हबका मारतात, वरून बारीक पीठ भुरभुरतात आणि तळहात गोल गोल फिरवत राहतात. रव्याच्या कणाभोवती पिठाचा थर चढतो. मग चाळून मोठे-बारीक दाणे वेगळे करतात. आपल्याकडे याचे जवळचे नातेवाईक गव्हले, म्हणजे वळवटातला प्रकार. पण गव्हले मळलेल्या पिठातून एकेक वळतात, त्यामुळे तोही शब्द उसना घेता येत नाही. 'सेक्सू' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'रव्याचे वळलेले दाणे' असा खुलासा द्या.

क्रियापदही जपा. सेक्सू 'शिजवत' नाहीत, 'वाफवतात', तेही दोन-तीनदा. खाली रश्शाचे पातेले, वर चाळणीसारखे भांडे. सांध्याभोवती पिठाच्या खळीत भिजवलेली कापडाची पट्टी गुंडाळतात. नाहीतर वाफ बाजूने निसटते आणि वरचे दाणे कच्चे राहतात. वाफ दाण्यांतून वर आली की तिथून १५-२० मिनिटे. मग परातीत उलटून गुठळ्या मोडायच्या, अर्ध्या किलोला साधारण अर्धी वाटी पाणी थोडे थोडे शिंपडायचे, तेलाचा हात लावायचा, जरा मुरू द्यायचे आणि पुन्हा वाफेवर. पाणी एकदम ओतले की गोळा होतो. वर झाकण ठेवले की त्याचे पाणी दाण्यांवर गळते. रस्सा चाळणीला टेकला तर तळाचा थर चिकट होतो.

दुसरे उत्तर : तगुल्लासाठी 'लापशी' गोड वाटते. 'जवाच्या कण्या' लिहा. ज्वारीच्या कण्या माहीत असलेल्याला चटकन कळेल. दक्षिण मोरोक्कोतल्या सूस भागात यन्नायरच्या रात्री हाच पदार्थ मुख्य. एक वाटी कण्यांना चार-पाच वाट्या पाणी. उकळत्या खारट पाण्यात कण्या वैरायच्या (इथे 'वैरणे' हेच नेमके क्रियापद), मंद आचेवर घट्ट होईपर्यंत घोटायच्या. एकाच थाळ्यात ढीग करून मधे आळे करतात, त्यात आर्गन (तिकडच्या एका झाडाच्या बियांचे) तेल किंवा लोणी. सगळे कडेने खात आत येतात. तेल कच्चेच घालतात, तापवले तर त्याचा भाजका वास उडतो. ढिगात खजुराची बी लपवलेली असते. जिच्या-ज्याच्या घासाला ती येईल, ते माणूस वर्षभर भाग्याचे. काही घरांत कोठीच्या किल्ल्याही त्यालाच मिळतात. म्हणून इथे 'बी' हा शब्द गाळू नका.

तिसरे उत्तर : संक्रांत अजिबात नको. संक्रांत सूर्याच्या मकर प्रवेशाची. यन्नायर म्हणजे जुन्या ज्युलियन पंचांगातली १ जानेवारी. ते पंचांग आज १३ दिवस मागे आहे, म्हणून १४ तारीख. शब्दही लॅटिन 'यानुआरिउस'वरून आला आहे. अल्जीरियात तर सण १२ जानेवारीला. तिथे २०१८पासून सरकारी सुट्टी आहे. मोरोक्कोने १४ तारखेच्या सुट्टीचा निर्णय २०२३मध्ये घेतला. वर्षगणना इ.स.पू. ९५०पासून धरतात, त्यामुळे २०२६ म्हणजे २९७६.

या लोकांना 'बर्बर' म्हणणे टाळा, त्या नावाच्या मुळाशी परक्यांना हिणवणारा ग्रीक-लॅटिन शब्द आहे. एक माणूस अमाझिग, अनेक इमाझिघेन, भाषा तमाझिग्त.

पुरवणी : 'सात भाज्यांचा सेक्सू' लिहिताना यादी ठाम देऊ नका. गाजर, सलगम, भोपळा, कोबी, भिजवलेले हरभरे असे बरेच काही असते, पण नेमके सात कोणते ते घरागणिक बदलते. हरभरे आणि सलगम आधी, भोपळा शेवटी; आधी पडला तर रश्शात विरघळतो. शुभेच्छा मात्र मूळ शब्दांतच द्या : 'अस्सेग्गास अमेग्गाझ'.