राणीच्या बागेतल्या सकाळच्या ग्रुपने वर्गणीतून काय करावं?

मीनल_काळाचौकी

नमस्कार मंडळी. सकाळी राणीच्या बागेत फिरायला येणारा आमचा तीसेक जणांचा ग्रुप आहे. बहुतेक निवृत्त, काही गृहिणी, दोघंतिघं दुकानदार. माणशी महिना शंभर रुपये जमवतो. आजवर ते वाढदिवसाचे केक, कोजागिरीचं दूध आणि वर्षातून एकदा माथेरान यातच संपत आले. आता काहींनी टुमणं लावलंय की समाजासाठी काहीतरी करूया. पुढे आलेल्या सूचना अशा: बागेत ग्रुपच्या नावाचा बाक, पावसाळ्यात शंभर रोपं, आणि एका काकांना रोज कबुतरांना दाणे घालायचे आहेत. विषय निघाला की हास्यक्लबमधलं हसू बंद होतं. कोणाला अनुभव आहे का? हिशेब कोणी ठेवायचा, परवानग्या काय लागतात, सगळंच सांगा.

अजिंक्य७९

रोपं लावा. बाकावरची पाटी दोन पावसाळ्यांत गंजते. झाड राहतं.

जुना_कंडक्टर

मीनलताई, मी चिंचपोकळीचा. बेस्टमध्ये कंडक्टर होतो, आता रोज सकाळी बागेत. बुधवारी बाग बंद, त्या दिवशी बायको भाजीला पिटाळते. तुम्ही बहुतेक घड्याळाच्या मनोऱ्याकडे बसणारी मंडळी. आम्ही म्युझियमच्या बाजूचे.

अजिंक्यराव, रोपांना माझा विरोध. या बागेत आधीच तीन हजारांवर झाडं आहेत. त्यातली काही मुंबईत दुसरीकडे शोधून सापडायची नाहीत. शंभर रोपांना जागा कुठे? जुलैत खड्डा, रोप, फोटो. ऑक्टोबरच्या उन्हात पाणी कोण घालणार? माळी. त्याला विचारलंय कोणी?

बाकावर नाव घालायची हौस मात्र जुनी आहे. तुम्ही ज्याच्याजवळ बसता तो मनोराच मुळी डेव्हिड ससून यांच्या नावाचा. शेजारचं म्युझियम, म्हणजे आताचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, लोकवर्गणीतून उभं राहायला लागलं. नाना शंकरशेट, भाऊ दाजी यांनी त्यासाठी पुष्कळ खटपट केली. पाया घातला १८६२ साली, दार उघडलं १८७२ साली. मधे अमेरिकेतली यादवी संपली, कापसाचा भाव कोसळला, मुंबईचे सटोडिये बुडाले आणि वर्गणी आटली. काम अडलं ते सरकारने हात घातला तेव्हा पुढे सरकलं. शेटजींची ही गत, तर शंभर रुपयेवाल्यांनी मोठं काम काढताना चारदा विचार करावा.

आणि पैसा नसतानाही काय होतं तेही याच बागेत बघितलंय. २००७ च्या सुमाराला बागेचं रूप पालटायचा चारशे कोटींच्या वरचा आराखडा आला होता. तेव्हा काही बायका वह्या घेऊन फिरल्या, एकेक झाड मोजून नोंदवलं, कागदपत्रं मिळवली, हेरिटेज समितीपर्यंत गेल्या. झाडं राहिली. त्यांच्या नावाचा बाक मला तरी कुठे दिसला नाही.

आता आम्ही काय करतो ते. परळला टाटा हॉस्पिटलात बिहार, बंगाल, विदर्भ, कुठून कुठून माणसं येतात आणि महिनोन्‌महिने राहतात. पोर आजारी असलं तर आईबाप बरोबर असतातच, पण गावी सांभाळायला कोणी नाही म्हणून दुसरं धडधाकट पोरही बरोबर येतं. त्याची शाळा सुटलेली. दिवसभर धर्मशाळेच्या व्हरांड्यात बसायचं, जेवणाच्या रांगेत डबा धरायचा. आजाऱ्याला लोक खेळणी आणतात, फुगे आणतात. याला कोणी नावही विचारत नाही.

अशा भावंडांना आम्ही महिन्यातल्या एका शनिवारी बागेत आणतो. एका वेळी सात-आठच. त्याहून जास्त पोरं आमच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. आजारी मुलांना नेत नाही. त्यांना गर्दीतून काही लागलं तर महागात पडेल, तो निर्णय डॉक्टरांचा. बरोबर धर्मशाळेतलं एक माणूस आणि निदान एक पालक पाहिजेच. मुलांची नावं आणि आईबापांचे फोन नंबर कागदावर लिहून घेतल्याशिवाय आम्ही पायरी उतरत नाही.

धर्मशाळा दादरला, तिथून आंबेडकर रोडने सरळ बस. माझ्याकडे एक छोटी घंटी आहे. पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो: एक टिंग म्हणजे थांबा, दोन टिंग म्हणजे निघा. रस्ता ओलांडताना हिंदी, बंगाली, वऱ्हाडी सगळ्यांना एकच भाषा पुरते. मोठ्यांनी आपापसांत कितीही ओरडा केला तरी पोरं घंटीचंच ऐकतात.

तिकीटखिडकी उघडली की आधी पेंग्विन. ते बघितल्याशिवाय एकही पोर झाडाकडे मान वळवत नाही, तेव्हा नाइलाज आहे. (मला स्वतःला त्या थंडगार काचेपलीकडच्या प्राण्यांची कीवच येते, पण ते पोरांना कशाला सांगा.) मग कैलासपती. फांद्या सोडून थेट खोडावर लगडलेली फुलं आणि ती जड गोल फळं बघितली की पेंग्विन विसरतात. खाली उभं राहायचं नाही, हे दोन टिंग न वाजवताही कळतं. उर्वशी फुललेली असेल तर तिच्याकडे नेतो. मूळची ब्रह्मदेशातली, लाल झुंबरं लटकतात नुसती. सीताअशोक फेब्रुवारी-मार्चमध्ये. शेवटी म्युझियमपाशी घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती, आणि तिथेच राजगिऱ्याचा लाडू आणि केळं.

विदर्भातली एक मुलगी होती, दहा-अकरा वर्षांची. पूर्ण फेरीत गप्प. लाडू खाताना मला विचारते, "आजोबा, इथं कोणी आजारी नाही ना?" नाही म्हटलं. मग गवतावर पाय पसरून बसली आणि उठायलाच तयार होईना.

खर्च म्हणजे बसभाडं, तिकिटं, खाऊ, चित्रकलेच्या वह्या. तुमच्या महिन्याच्या वर्गणीत आरामात बसतो, केक थोडा लहान आणा. हिशेबाची एक वही, सह्या दोघांच्या, आणि दर एक तारखेला पानाचा फोटो ग्रुपवर. बाहेरच्यांकडून पैसे घेऊ नका. घेतलेत की नोंदणी, धर्मादाय आयुक्त, ऑडिट असं सगळं मागे लागतं आणि मग पोरं राहतात बाजूला, तुम्ही फायली सांभाळता.

दाणापाणी

कंडक्टरसाहेब, मुलांचं छान आहे. पण कबुतरांच्या काकांना तुम्ही मोजलंच नाहीत. मुक्या जिवाला दाणा घालणं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्याचं पुण्य नाही का?

जुना_कंडक्टर

भाऊ, पुण्याचा रकाना आमच्या वहीत नाही. पण बागेत प्राण्यापक्ष्यांना खायला घालायला मनाई आहे, तिथेच विषय संपतो. आणि दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून २०२५ मध्ये काय रामायण झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं, प्रकरण हायकोर्टात गेलं. कबुतरांच्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली की काहींची फुप्फुसं निकामी होतात. सकाळी प्राणायाम करायचा आणि शेजारी थवा उतरवायचा, हे कुठलं शहाणपण? काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांचा हात सढळ दिसतोय, केळ्यांचं खातं त्यांच्याकडे द्या.

अजिंक्य७९

रोपांवरचा हट्ट सोडला. पण माळीलोकांसाठी काही करता येईल का? ते तर रोज समोर दिसतात.

जुना_कंडक्टर

येईल की. फक्त दिवाळीला मिठाईचा पुडा आणि बरोबर सेल्फी, एवढ्यावर थांबू नका. जूनमध्ये त्यांच्या मुलांच्या वह्यापुस्तकांची यादी मागा आणि यादीप्रमाणेच आणा. मनाने दप्तरं आणली तर एकेका घरात तीन-तीन दप्तरं होतात आणि कंपासपेटी एकही नसते.

मीनल_काळाचौकी

आज बाकावर बसूनच मोठ्याने वाचून दाखवलं सगळ्यांना. काका गप्प आहेत, पण केळ्यांना नाही म्हणाले नाहीत. आमच्यात दोघी निवृत्त शिक्षिका आणि एक नर्स आहे. सुरुवात कुठून करू? धर्मशाळेत जाताना काय न्यावं?

जुना_कंडक्टर

काही नेऊ नका. पहिल्यांदा रिकाम्या हाताने जा. बिस्किटांचे पुडे देऊन फोटो काढणारे तिथे रोज येतात. व्यवस्थापकांना भेटा, काय कमी आहे ते विचारा आणि ते सांगतील तेच करा. आम्ही विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, चपला. घरून निघताना घातलेल्या मुलांना लहान झालेल्या. आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात ते आलं नसतं. बागेच्या ऑफिसातही आधी एक अर्ज द्या: किती मुलं, कोण बरोबर, कुठली तारीख. शाळांच्या सहली त्याच दिवशी असतील तर ते सांगतात, म्हणजे पेंग्विनपुढची रांग टळते.

नर्सबाईंना पहिल्याच भेटीत बरोबर न्या. कोणाला सर्दी-ताप आहे, कोणी घरी थांबावं, हे त्यांच्या नजरेला लगेच कळेल. आणि दोन्ही शिक्षिका या शनिवारीच पाठवा, साडेआठला म्युझियमच्या बाजूला. पोरं लाडू खाऊन झाल्यावर गणितं विचारतात आणि आम्ही सगळे कंडक्टर असून सुट्ट्या पैशांच्या पुढचं कोणाला येत नाही.