जनगणनेला मास्तर कशाला? कालच्या पोस्टला उत्तर

पंचवटीची बाई
काल इथं एकानं लिहिलं, "जनगणनेचे मास्तर पारावर बसून कागद रंगवतात. २०२७ ला मोबाइलवर स्वगणना, म्हणजे आपली माहिती आपणच भरणं, आहेच, मग घरोघरी फिरणारे प्रगणक हवेत कशाला?" वाचून जीव जळला. २०१० ची घरयादी आणि २०११ च्या फेब्रुवारीतली मोजणी, दोन्ही मी केल्यात. घरयादीला आधी वाटून दिलेला भाग फिरून नजरी नकाशा, मग दारांवर नंबर, मग ३५ प्रश्न. भिंत कशाची, छत कशाचं, पाणी कुठून, संडास कुठं.

एका वाड्यात थोरल्यानं सांगितलं, "कुटुंब एकच, सात माणसं." मी उठले, तर धाकटी सून पदराला हात पुसत मागच्या दारानं आली. हळूच म्हणाली, "बाई, आमचा स्टोव्ह वेगळा आहे हो." एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, हा नियम. परत बसले आणि दोन कुटुंबं लिहिली. मोबाइलवर थोरल्यानं काय भरलं असतं?

सिडकोकर
सगळे तुमच्यासारखे नसतात, बाई. २०११ ला आमच्या जिन्यात कुणी फिरकलंच नाही. शेजाऱ्यांना विचारून आमची माणसं लिहून नेली. मुलगा तेव्हा चार महिन्यांचा. नाशिक शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ छापली, त्यात तो होता का, सांगा.

पंचवटीची बाई
न येणं ही चूकच, तिची बाजू मी घेत नाही. १ ते ५ मार्चची उजळणी फेरी होती ती मोजणीनंतरचे जन्म-मृत्यू दुरुस्त करायला; तुमचा मुलगा तर आधीच मोजायला हवा होता.

दिंडोरीचा बागायतदार
ऐन फेब्रुवारीत सुरगाणा-पेठची माणसं मजुरीला येऊन द्राक्षाच्या बागेत शेडमध्ये राहतात. त्यांच्यापर्यंत चालत जावंच लागेल. स्वगणना-स्वगणना करणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

फळ्यापुढचा
आणि आमचं कोण बघतं? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं शिक्षकाला जनगणना, निवडणूक आणि आपत्ती एवढीच बाहेरची कामं देता येतात. जनगणना करू, आनंदानं करू. बाकीची सर्वेक्षणं डोक्यावर का?

बागलाणकर
मला वेगळंच बोलायचंय. आमच्याकडे आलेल्या गुरुजींनी मातृभाषा विचारलीच नाही, 'मराठी' लिहून मोकळे. माझी आई सटाण्याची. दारात कुणी दिसलं की तिचं "कथा चालना?", म्हणजे "कुठं चाललास?", सुरू व्हायचं. शेवटपर्यंत अहिराणीच बोलली.

गंगापूर रोड
अहिराणी मराठीचीच बोली आहे. कशाला वेगळं लिहून मराठीचा आकडा कमी करता?

बागलाणकर
आमच्या आया तुमच्या आकड्यासाठी बोलत नव्हत्या! आणि २०११ च्या जनगणनेच्या भाषांच्या तक्त्यात अहिराणी खान्देशीखाली वेगळी आहे, १६ लाखांच्या वर माणसं. मराठीखाली नाही. आधी तक्ता बघा.

गंगापूर रोड
आवाज चढवू नका. तक्ता काहीही म्हणो, व्याकरण बघा.

बागलाणकर
व्याकरण तुम्ही बघा. प्रगणकानं बघायचं नसतं, त्यानं विचारायचं असतं.

पंचवटीची बाई
इथं बागलाणकर भाऊंचं खरं आहे. बालपणी आई ज्या भाषेत बोलायची ती मातृभाषा, आणि ती प्रत्येकाची वेगळी विचारून, सांगतील तशी लिहायची. आम्हाला असंच शिकवलं होतं. तरी शेवटच्या दिवशी, अंधार पडल्यावर, दोन-तीन घरांत मी पहिल्याचं उत्तर सगळ्यांना लावलं. त्यातल्या एका घरात सून मालेगावकडची, अहिराणीच्या मुलखातली होती. तिला विचारलं नाही.

सिडकोकर
चुलीचं पटलं, बाई. स्वगणना केली तरी प्रगणकानं घरी येऊन पडताळावं. पण या वेळी जिना चढा म्हणावं त्यांना. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत.

बागलाणकर
आई गेली, तिचं लिहायचं राहिलं. फेब्रुवारीत मी रजा टाकून घरी थांबणार आहे. त्या रकान्यात काय लिहिलं ते मला वाचून दाखवायला सांगेन.