बाबांचं वय वंदना कार्ड अँजिओप्लास्टीला चालेल का? आणि आईचं काय?

ऐरोलीकर
बाबा ७४ वर्षांचे, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीतून निवृत्त. पेन्शन नावापुरती. सोसायटीत शिबिर लागलं होतं तेव्हा त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघालं, म्हणजे सत्तरीपुढच्यांना पाच लाखांपर्यंत मोफत उपचार देणारं सरकारी कार्ड. आई ६६ वर्षांची, रेशन कार्ड पांढरं. माझ्या खासगी पॉलिसीत दोघंही आहेत, पण वीस टक्के को-पे आहे, म्हणजे बिलाचा तेवढा वाटा आम्हीच भरायचा.

आता डॉक्टरांनी बाबांना अँजिओप्लास्टी सांगितली आहे. आजच्या आज नाही, पण फार लांबवू नका म्हणाले. घराजवळच्या रुग्णालयाबाहेर योजनेचा मोठा बोर्ड आहे. आत विचारलं तर "हार्टला इथे योजना नाही." बाबांचं एकच पालुपद, "पाच लाख आहेत ना, मग काळजी कसली?" त्यांना काय उत्तर द्यावं तेच कळत नाही. हे पाच लाख कोणाकोणाचे? आईला काही मिळतं का? कार्ड वापरलं तर पॉलिसीचं काय होतं?

कळव्याची सून
दादा, सासऱ्यांच्या वेळी सगळी धावपळ मीच केली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्हाला मिळालेलं उत्तर खरं असू शकतं. रुग्णालय योजनेत असलं तरी त्याचे सगळे विभाग योजनेत असतातच असं नाही. कुठे हाडांचे उपचार आणि डायलिसिस, कुठे फक्त कॅन्सर. त्यामुळे नुसतं "योजना आहे का?" विचारून काही हाती लागत नाही. उपचाराचं नाव घेऊन विचारा, आणि काउंटरवर नाही, आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करायला रुग्णालयात बसणाऱ्या माणसाला. जवळ कोणत्या रुग्णालयात सोय आहे ते १४५५५ वर फोन करून विचारता येतं. राज्याच्या महात्मा फुले योजनेसाठी १५५३८८.

मग पूर्वमान्यता. रुग्णालय रिपोर्ट पाठवतं, मंजुरी आली की उपचार. आली का, हे पुन्हा पुन्हा विचारायला संकोच करू नका. मंजूर पॅकेजमध्ये स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी), औषधं, खाट, जेवण हे सगळं आलं. दाखल होण्याआधीच्या तीन दिवसांतला तपासण्यांचा खर्च आणि डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांची औषधंही त्यातच. ओपीडी आणि रोजच्या बीपीच्या गोळ्या मात्र तुमच्याच खिशातून.

आमच्या सासूबाईंना एका रुग्णालयात बाजूला घेऊन सांगितलं, "चांगला स्टेंट हवा असेल तर वरचे पैसे भरा." मी आरोग्यमित्राला समोर बोलावलं आणि हेच लेखी द्या म्हटलं. पुन्हा कोणी तो विषय काढला नाही. घाबरलेलं म्हातारं माणूस सांगाल तिथे सही करतं आणि त्याचाच फायदा घेतात, याचा मला आजही राग येतो. आईबाबांना पैशांचं बोलायला एकटं सोडू नका.

वाशीचे काका
सत्तरीपुढच्यांची ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून आहे, उत्पन्नाची अट नाही. वर्षाला पाच लाख, पण घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांचे मिळून. तुमच्याकडे सध्या ते एकट्या बाबांचे. तुमच्या आई सत्तरीच्या झाल्या की त्याच रकमेत वाटेकरी.

तोवर त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. १ जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या रेशन कार्डालाही लागू आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. त्यातले काही सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव आहेत, हे लक्षात असू द्या. रेशन कार्डावर त्यांचं नाव आहे ना, आणि आधारवर तसंच आहे ना, ते आजच बघा. ऐन वेळी आजारी माणूस सोडून शिधावाटप कार्यालयात रांग लावायची पाळी कुणावर येऊ नये.

खासगी पॉलिसी असली तरी कार्ड चालतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असलेल्यांना मात्र दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. पॉलिसी बंद करू नका. योजनेत नसलेल्या रुग्णालयात जायची वेळ आली तर तीच कामाला येईल. या वयात नवी घ्यायची तर हप्ता जड, शिवाय जुन्या आजारांसाठी थांबावं लागतं. सरकारी कार्डाला तसं थांबणं नाही, जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरतात.

ऐरोलीकर
ताई, काका, खूप आभार. १४५५५ वर फोन केला. हृदयविकाराला मान्यता असलेलं एक रुग्णालय ठाण्यात आहे. रेशन कार्डावर आईच्या नावापुढे 'बाई' आहे, आधारवर नाही. ते लगेच दुरुस्तीला देतो. आणखी एक, नंतर बाबा विश्रांतीला चिपळूणला जायचं म्हणतायत. तिकडे काही झालं तर?

कळव्याची सून
कार्ड देशभर चालतं. फक्त रुग्णालय योजनेतलं हवं. चिपळूणजवळ कुठे सोय आहे ते निघण्याआधीच फोन करून लिहून ठेवा. ठाण्याला जाताना बाबांचं आधार, कार्ड, अँजिओग्राफीची सीडी आणि आधारला जोडलेला मोबाइल सोबत ठेवा, ओटीपी मागितला तर तो त्याच नंबरवर येतो. मंजुरी आली की इथे कळवा, आम्हालाही घोर लागलाय.