पावसाच्या नकाशाला 'दृश्यांकन' म्हणावं का?

परभणीहून प्रश्न
ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यंदा जिल्ह्याच्या पावसाचा रंगीत नकाशा लावला. वर मथळा दिला, 'पर्जन्यविदेचे दृश्यांकन'. एका आजोबांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "बाळा, ह्यात पाऊस कुठं हाय?" तेव्हापासून डोक्यातून जात नाही. डेटा व्हिज्युअलायझेशनला, म्हणजे आकडेवारी चित्रातून दाखवण्याला, विदाचित्रण, दृश्यीकरण, दृश्यांकन असे शब्द दिसतात; 'विदा' म्हणजे डेटा. हवामानाचं शास्त्र लोकांपर्यंत जावं म्हणून हा खटाटोप, आणि माणूस मथळ्यातच अडखळतो. कोणता शब्द घ्यावा?

लातूर
दादा, 'विदा' हा शब्द संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांत रुळलाय, पारावर नाही. 'दृश्यांकन' म्हटलं की मला तर नाटकातले प्रवेश आठवतात. लेखात 'विदाचित्रण' चालेल. भिंतीवर मात्र समोर जे आहे त्याचंच नाव द्यावं: पावसाचा नकाशा, तापमानाचा आलेख. हे शब्द सगळ्यांनी शाळेत गिरवलेत.

पण मथळ्यापेक्षा मला रंगांची जास्त काळजी वाटते. हवामान खात्याच्या पावसाच्या नकाशात हिरवा म्हणजे सरासरीच्या १९ टक्के खाली-वर, लाल म्हणजे २० ते ५९ टक्के तूट आणि पिवळा म्हणजे ६० ते ९९ टक्के तूट. इथं पिवळा लालपेक्षा वाईट! इशाऱ्याच्या नकाशात मात्र हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशी चढण, आणि पावसाळ्यात तिथला लाल म्हणजे धो धो पावसाची धास्ती. एकाच मोबाईलवर दोन्ही नकाशे येतात. एका लालमध्ये रान वाळायलंय, दुसऱ्या लालमध्ये वाहून जायलंय. म्हणून प्रत्येक रंगावरच शब्द लिहा: 'तूट', 'मोठी तूट', 'सरासरीइतका'. 'सामान्य' लिहू नका. सरासरीइतका पाऊस चार दिवसांत कोसळून मग महिनाभर उघडीप पडली, तर त्याला सामान्य कोण म्हणेल?

हिंगोली
लातूरकरांशी सहमत. 'मिलिमीटर'चं काय करणार? आमच्याकडं पाऊस ओलीवर मोजतात. "चार बोटं ओल गेली", "वीतभर ओल हाय, पेरा." नकाशात 'ओल' हाच शब्द घ्यावा असं वाटतं.

लातूर
मोह मलाही होतो, पण ओल रानावर ठरते. तेवढ्याच पावसात मुरमाड रानात आणि काळ्या रानात सारखी ओल उतरत नाही. नकाशा पाऊस दाखवतो, ओल नाही. मिलिमीटरच ठेवा आणि खाली एक ओळ लिहा: १ मिमी पाऊस म्हणजे १ हेक्टरवर १०,००० लिटर पाणी. घागरी-टँकरचा हिशेब आपल्या लोकांना कुणी शिकवायला नको; २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. 'अतिवृष्टी'ही जपून लिहा. बोलण्यात ती कोणत्याही मोठ्या पावसाला लागते, पण महसुली मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला तरच ती कागदावर धरतात. नकाशात सैल वापरली तर लोक पंचनाम्याची वाट बघत बसतील.

परभणी
मनापासून आभार. रंगांवर शब्द लिहून घेतो. अजून एक शंका. एड हॉकिन्स या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञानं २०१८ मध्ये तापमानाचे पट्टे प्रसिद्ध केले: एक पट्टा म्हणजे एक वर्ष, थंड ते निळं, तापलेलं ते लाल, आकडा एकही नाही. तसं चित्र शाळेत लावलं. मी लिहिलं 'तापमानपट्टिका'. पोरं त्याला 'सतरंजी' म्हणायला लागली, आणि "माझ्या जन्माचा पट्टा कोणता?" म्हणून बोटानं शोधायला लागली. ही सतरंजी ठेवू का?

हिंगोली
ठेवा. खाली बारीक अक्षरात 'तापमानाचे पट्टे' लिहा. भिंतीवरच्या नकाशाचा मथळा मग काय केला?

परभणी
'औंदा आपल्याकडं किती पाऊस झाला'. आजोबांनी आज आधी आपलं मंडळ शोधलं, मग शेजारचं.