वॉटर पार्कचा वार्षिक पास घ्यावा की नाही? (सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा)

ए-४०१, सचिव:
सर्व सभासदांना नमस्कार. आपल्यापासून अठ्ठावीस किलोमीटरवर असलेल्या वॉटर पार्कचे प्रतिनिधी काल संध्याकाळी कार्यालयात येऊन गेले. त्यांच्या वार्षिक पासची किंमत माणशी ३,४९९ रुपये आहे, परंतु सोसायटीने एकगठ्ठा २५ पास घेतल्यास २० टक्के सूट मिळून तो २,७९९ रुपयांना पडेल. शनिवारपर्यंत त्यांना उत्तर द्यायचे आहे. ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी आणि ज्यांचा आक्षेप आहे त्यांनीही येथेच लिहावे. चर्चा कृपया या एकाच विषयापुरती ठेवावी. पार्किंगचा विषय रविवारच्या सभेत घेणारच आहोत.

बी-२०२:
आम्ही चौघेही तयार आहोत. रविवारचे तिकीट १,०५० रुपये आहे, म्हणजे तीन रविवार गेलो की पैसे वसूल आणि त्यानंतर वर्षभर फुकट. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेल्यावर मुलांना कूलरसमोर बसवून मोबाइल देण्यापेक्षा हे कितीतरी बरे. यात फार विचार करण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही.

सी-१०३, कोषाध्यक्ष:
बी-२०२ चे दादा, आपला उत्साह समजतो, परंतु प्रतिनिधींनी दिलेल्या पत्रकाची मागची बाजू मी भिंग घेऊन वाचली आहे, आणि तेथे दोन गोष्टी बारीक अक्षरांत छापल्या आहेत. पहिली अशी की, पासची किंमत करांव्यतिरिक्त आहे, तर तिकिटाची किंमत करासहित आहे. अशा उद्यानांच्या प्रवेशावरील जीएसटी २५ जानेवारी २०१८ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. तो धरल्यास सवलतीचा पास २,७९९ ला नव्हे, तर ३,३०३ रुपयांना पडतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १५ एप्रिल ते १५ जून या काळात रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी हा पास चालत नाही. आपण ज्या तीन रविवारांचा हिशेब मांडलात, त्या रविवारी पास दाखवूनही आपल्याला फाटकावर १,०५० रुपयेच मोजावे लागतील.

म्हणून पासची तुलना रविवारच्या तिकिटाशी न करता इतर दिवसांच्या ८५० रुपयांच्या तिकिटाशी करायला हवी. चौघांचे पास १३,२१२ रुपयांचे आणि चौघांच्या चार फेऱ्यांची तिकिटे १३,६०० रुपयांची. म्हणजे उन्हाळ्यात चार वेळा, तेही कामाच्या दिवशी, जाऊन आल्यानंतर चौघांच्या कुटुंबाचे अवघे ३८८ रुपये वाचतात.

आता पास असो वा नसो, दर फेरीला जो खर्च होतोच तो पाहावा. जाऊन-येऊन ५६ किलोमीटरचे पेट्रोल साधारण ४२० रुपये, लॉकरचे १५०, गाडी लावण्याचे ५० आणि बाहेरचा डबा आत नेऊ देत नसल्याने माणशी किमान २५० प्रमाणे जेवणाचे १,०००. एकूण १,६२० रुपये. नायलॉनचे कपडे भाड्याने घेतले तर आणखी वेगळे. पासधारकांना जेवणावर १० टक्के सूट आहे, म्हणजे चौघांमागे शंभर रुपये. दोन फेऱ्यांऐवजी चार फेऱ्या केल्या की हा वरखर्च ३,२४० रुपयांनी वाढतो, आणि वाचतात ते ३८८. पार्कवाल्यांचे उत्पन्न केवळ फाटकावर नसते, ते आतल्या समोशावरही असते.

बी-२०२:
कोषाध्यक्ष साहेब, रविवारची अट माझ्या खरोखर लक्षात आली नव्हती, प्रतिनिधीने ती सांगितलीही नव्हती. तरीही मुलांना उन्हाळ्यात रोजच सुट्टी असते. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरत आला की उघडतात, त्यामुळे आपल्या मुलांना चांगले दोन महिने मिळतात. मंगळवारी, बुधवारी आई किंवा आजी-आजोबा त्यांना घेऊन जाऊ शकतात.

ए-३०२:
भाऊ, “आई किंवा आजी-आजोबा घेऊन जाऊ शकतात” हे वाक्य लिहायला सोपे आहे, म्हणून ती आई बोलते आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका पार्कचे असेच चार पास घेतले होते. नाव घेत नाही, आता त्याचा उपयोग नाही. पहिल्या खेपेला सगळे मिळून गेलो आणि मजा आली, हे प्रामाणिकपणे सांगते. दुसऱ्या खेपेला यांना सुट्टी नव्हती, म्हणून मी एकटी दोन्ही मुलांना घेऊन गेले. दुपारी एक वाजता तिथल्या फरशा इतक्या तापल्या होत्या की लॉकरपासून तलावापर्यंतचे तीस पावलांचे अंतर धाकट्याला कडेवर घेऊन मी उड्या मारत कापले. मोठ्याला उंच घसरगुंडीवर जायचे होते आणि धाकट्याची उंची तिथल्या पट्टीला लागत नव्हती. एकाला वर सोडावे तर दुसऱ्याकडे कोण पाहणार? शेवटी तिघेही गुडघाभर पाण्यात बसून राहिलो. लाटांचा तलाव ठरावीक वेळीच चालू होतो, त्याचा भोंगा वाजला तेव्हा आम्ही कूपन घेऊन जेवणाच्या रांगेत उभे होतो.

तिसऱ्या खेपेला गेलो, तर दोन मोठ्या घसरगुंड्या दुरुस्तीसाठी बंद होत्या. तिकीट काढून आलेल्यांना त्या दिवशी थोडी सूट दिली गेली. आम्हाला मात्र “तुमच्याकडे तर पास आहे, पुन्हा या” असे सांगण्यात आले. आम्ही पुन्हा गेलो नाही. पास बहिणीच्या मुलांना द्यावेत म्हटले, तर प्रत्येक कार्डावर फोटो होता. ती चार कार्डे अजून फ्रिजवरच्या डब्यात आहेत.

डी-३०१, सर:
वहिनींचा अनुभव अपवादात्मक नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. मी पस्तीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले, त्यामुळे थोडे विषयाला धरूनच लिहितो. कोणाला तास सुरू झाल्यासारखे वाटल्यास क्षमा असावी.

स्तेफानो देलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेतील तीन व्यायामशाळांतील सात हजारांहून अधिक सभासदांच्या हजेरीचा अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून अधिक वर्गणी भरणारे सभासद महिन्यात सरासरी ४.३ वेळाच येत होते, म्हणजे एका खेपेला त्यांना १७ डॉलरहून अधिक पडत होते. त्याच ठिकाणी दहा खेपांचे कूपन घेतले असते तर एक खेप १० डॉलरला पडली असती. ही माणसे हिशेबात कच्ची नव्हती. पैसे भरताना आपण ज्या ‘स्वतः’ची कल्पना करतो, तो पहाटे उठणारा, उत्साही आणि मोकळा असतो, प्रत्यक्ष जाण्याच्या दिवशी जो उठतो तो आपल्या ओळखीचाच नेहमीचा माणूस असतो.

दर आकारण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. आपल्या लहानपणीच्या मीना बाजारात आत शिरायला पैसे पडत नसत. आकाशपाळण्याचे वेगळे, मौत का कुआँचे वेगळे. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १९५५ मध्ये उघडले तेव्हा तेथेही प्रवेश वेगळा आणि खेळांची कूपने वेगळी असत. ती कूपने १९८२ मध्ये बंद होऊन एकाच तिकिटात सगळे खेळ आले. वार्षिक पास ही त्याच वाटेवरची पुढची पायरी. पैसे एकदाच आणि आधी घेतले की, पुढच्या प्रत्येक खेपेला गिऱ्हाइकाला ‘फुकट आलो’ असे वाटते आणि त्याचा हात खाण्यापिण्याकडे सैल सुटतो.

सी-४०२:
सर, तास आवडला. घ्यायचाच तर खोपोलीजवळच्या इमॅजिकाचा पास का घेऊ नये? निदान मुलांना मोठे पार्क पाहायला मिळेल.

सी-१०३, कोषाध्यक्ष:
ते इथून सुमारे आठशे किलोमीटरवर आहे. वर्षातून एकदा जाणाऱ्याने वर्षाचा पास काढू नये.

बी-१०४:
मी शासकीय नोकरीत असल्यामुळे माझा मुद्दा वेगळा आहे. पास ‘वर्षाचा’ म्हणतात, पण नागपुरात पाण्यात खेळण्याचे दिवस किती असतात ते मोजून पाहावे. मार्च परीक्षांत जातो. जूनच्या उत्तरार्धात पाऊस सुरू होतो आणि आभाळात वीज कडाडली की उंच घसरगुंड्या बंद ठेवाव्याच लागतात. ऑक्टोबरात दिवाळीची कामे असतात. डिसेंबर-जानेवारीत आपण स्वेटर घालून शेकोटीपाशी बसतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता, हे विसरू नये. त्यातून माझ्यासारख्यांना हिवाळी अधिवेशनाच्या काळात रजा मागण्याचीही सोय नसते. राहिले दहा आठवडे, आणि त्यातले रविवार पासवाल्यांनी आधीच काढून घेतले आहेत. बारा महिन्यांचे पैसे भरून आपण सव्वादोन महिन्यांतले आडवार विकत घेत आहोत.

डी-२०३:
मी ग्रुपवर फारसे लिहीत नाही, पण एक साधा प्रश्न विचारते. आपण २५ जण एकत्र येणारच असू, तर २५ पासांऐवजी एका दिवसाची समूह-तिकिटे किती रुपयांना मिळतील, हे कोणी विचारले आहे का?

ए-४०१, सचिव:
ताई, खरे सांगायचे तर मीही विचारले नव्हते. आताच पार्कच्या कार्यालयात फोन केला. तीस किंवा अधिक माणसे कामाच्या दिवशी आल्यास तिकीट करासहित ६५० रुपये, आणि दुपारच्या जेवणासह ८०० रुपये आहे. प्रतिनिधींनी हा दर आपणहून सांगितला नव्हता.

सी-१०३, कोषाध्यक्ष:
मग सगळाच हिशेब बदलतो. ६५० रुपयांशी तुलना केली तर ३,३०३ रुपयांचा पास पाच खेपांनंतरही वसूल होत नाही. सहावी खेप झाली तरच फायद्यात. शिवाय जेवणासह ८०० हा दर आपल्या नेहमीच्या तिकिटापेक्षाही कमी आहे.

मी सर्वांना विनंती करतो की, येत्या वर्षी किती वेळा जाणार हे लिहू नये. गेल्या वर्षी कोणत्याही वॉटर पार्कला प्रत्यक्ष किती वेळा गेलात, तेवढाच आकडा लिहावा. आठवत नसेल तर फोनमधील एप्रिल ते जूनचे फोटो उघडून पाहावेत. आणि एक स्पष्ट करतो: कोणताही निर्णय झाला तरी देखभाल निधीतून यासाठी आगाऊ रक्कम दिली जाणार नाही.

ए-४०१, सचिव:
रात्री साडेनऊपर्यंत अकरा कुटुंबांची उत्तरे आली आहेत. पाच कुटुंबे एकदाही गेली नव्हती, चार कुटुंबे एकेकदा, एक कुटुंब दोनदा आणि एक कुटुंब सात वेळा गेले होते.

बी-२०२:
‘एकदा’ लिहिणाऱ्या चौघांत मी आहे. मी तीनदा तरी गेल्याचे पैजेवर सांगितले असते, पण फोटोंत एकच दिवस निघाला. धाकटीचे ओठ थंडीने जांभळे पडलेत आणि ती तलावातून बाहेर यायला तयार नाही. बाकीच्या दोन आठवणी त्याच दिवसाच्या असाव्यात. माझी चार नावे मागे घेतो.

डी-१०२:
सात वेळा जाणारे आम्ही. आमच्या दुकानाची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असते, त्यामुळे रविवारच्या बंदीचा आम्हाला त्रास नाही. दोन्ही मुलगे आता मोठे झाले असून त्यांना उंचीची अडचण येत नाही, आणि सौभाग्यवतींना पाण्याची आवड नसल्याने त्या येत नाहीत. सोसायटीचे २५ पास झाले नाहीत तरी पूर्ण किमतीने आम्हा तिघांचे करासह १२,३८६ रुपये होतील; गेल्या वर्षी सात खेपांच्या तिकिटांना १७,८५० लागले होते. म्हणून आम्ही पास घेणार आहोत. चूक होत असल्यास सांगावे.

सी-१०३, कोषाध्यक्ष:
भाऊ, आपल्या बाबतीत चूक दिसत नाही. आपली सवय आधीपासूनच आहे, पासमुळे ती लावायची नाही. फक्त पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. पासचे वर्ष खरेदीच्या तारखेपासून मोजतात की पहिल्या प्रवेशापासून, मोठे खेळ सलग बंद राहिल्यास मुदत वाढवून मिळते का, आणि पास रद्द करण्याचा अधिकार कोणाला व कोणत्या कारणाने आहे. एकाच बाजूला विनाकारण करार मोडण्याची मुभा देणारी अट ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित करारात मोडते. करासह पावती जपून ठेवावी. अडचण आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वहिनींना तेव्हा तो ठाऊक असता तर बरे झाले असते.

ए-३०२:
तेव्हा ठाऊक असता तरी पावती कुठे ठेवली होती ते आधी शोधावे लागले असते.

ए-४०१, सचिव:
सर्वांच्या मतानुसार एकगठ्ठा पासांची योजना सोसायटी घेत नाही, तसे प्रतिनिधींना उद्या कळवतो. त्याऐवजी मे महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी समूह-सहल काढावी असे सुचवतो. जेवणासह ८०० रुपये आणि बसचे जे होतील ते माणशी वाटून घेऊ. शुक्रवारपर्यंत तीस नावे आली तरच आगाऊ रक्कम भरीन. नायलॉनचे कपडे घरूनच आणावेत आणि लहान मुलांसाठी रबरी चपला घ्याव्यात. तापलेल्या फरशीचा अनुभव वर आलाच आहे.

बी-२०२:
आमची चार नावे घ्यावीत. आई विचारते आहे की, ती पाण्यात उतरणार नाही, नुसती सावलीत बसणार आहे, तर तिलाही तिकीट पडेल का?

ए-४०१, सचिव:
आताच विचारून घेतले. पाण्यात उतरा अथवा न उतरा, फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाला तिकीट आहे.

बी-२०२:
आई म्हणते, मग तीनच नावे लिहा. ती घरी कूलर लावून निवांत झोपेल आणि संध्याकाळी बस येईपर्यंत सर्वांसाठी आंब्याचे पन्हे करून ठेवील.